काचेचा डबा आणि त्याचे झाकण

तुळशीबागेत किंवा रविवार पेठेतल्या बोहरी आळीत भांड्यांच्या दुकानापुढे घटकाभर उभे राहिले, की स्वयंपाकघर कुठे चालले आहे ते कळते. स्टीलच्या डब्यांच्या उतरंडी मागच्या फळीवर गेल्या आहेत. पुढे मांडलेले असतात ते चार कड्यांनी बंद होणाऱ्या झाकणांचे काचेचे डबे, चौकोनी, गोल, आत कप्पे असलेले. गिऱ्हाइकाचा प्रश्न ठरलेला, ‘मायक्रोवेव्हला चालेल ना?’ आणि उत्तरही ठरलेले, ‘काच आहे ताई, बिनधास्त वापरा.’ प्लास्टिकबद्दल इतके काही छापून येते, व्हॉट्सअॅपवर इतके काही फिरते, की काच म्हटले की माणूस निर्धास्त होतो. हा निर्धास्तपणा अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्या भागात तडकलेले डबे, उकळत्या आमटीत बुडालेली प्लास्टिकची झाकणे आणि रात्रभर ओट्यावर राहिलेला भात येतो.

भांडे कशाचे, हा प्रश्न पुण्याला नवीन नाही. या शहराने त्याचे एक उत्तर शोधले होते आणि त्यामुळे मुलांचे जीव वाचले होते, ही गोष्ट आता फारशी कोणाच्या लक्षात नाही. भारतात एके काळी लहान मुलांमध्ये यकृताचा एक जीवघेणा आजार आढळे. वैद्यकात त्याला ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’ म्हणत. मूल वर्ष-दीड वर्षाचे होईपर्यंत बरे असे. मग पोट फुगायला लागे, यकृत दगडासारखे घट्ट होई, कावीळ दिसे आणि बहुतेक मुले दगावत. एकाच घरात दोन-दोन भावंडे जात, त्यामुळे हा आजार रक्तातूनच येतो असे मानले जाई. या मुलांच्या यकृतात तांबे प्रचंड प्रमाणात साठलेले असते, हे १९७०च्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. पण ते येते कुठून?

रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनमधील डॉ. स्ट्युअर्ट टॅनर यांच्यासह हा माग काढला. आजारी मुलांच्या आयांना त्यांनी साधे प्रश्न विचारले. वरचे दूध केव्हा सुरू केले? ते कशात तापवले? तापवल्यावर कशात ठेवले? उत्तरांतून चित्र उभे राहिले. या बाळांना गाईचे किंवा म्हशीचे दूध फार लवकर सुरू झाले होते आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवले, ठेवले जात होते. दुधातले प्रथिन तांब्याला धरून ठेवते. भांड्याला कल्हई नसेल किंवा ती उडालेली असेल, तर दूध भांड्यात जितका वेळ राहील तितके तांबे त्यात उतरते, आणि तान्ह्या बाळाच्या यकृताला ते बाहेर टाकता येत नाही. हे निष्कर्ष १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आणि पुढे १९८७ मध्ये अधिक तपशिलाने प्रसिद्ध झाले. काही मुलांमध्ये आनुवंशिक कलही असावा, असे आजही मानले जाते. मात्र बाळाचे दूध तांब्या-पितळेत ठेवू नका, हा सल्ला दिला गेला, घरोघरी स्टील आले आणि बघता बघता हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांनी तो पुस्तकातच वाचलेला असतो.

यावरून तांबे-पितळ वाईट, असा धडा कोणी काढील तर तो चुकेल. कसबा पेठेतल्या तांबट आळीत घडलेल्या हंड्यांत पुणेकरांच्या कित्येक पिढ्या पाणी प्यायल्या. पितळेच्या पातेल्यात ताक कळकते, हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत असे. कल्हईवाला दारावरून गेला की त्याला थांबवले जाई. दोष धातूचा नव्हता. भांडे कशाचे, त्यात काय ठेवले, ते किती गरम होते, किती वेळ राहिले आणि खाणारा कोण, या पाच गोष्टी जुळून आल्या तेव्हा घात झाला. प्लास्टिक आणि काच यांच्याकडेही याच पाच प्रश्नांनी पाहायला हवे. ‘चांगले की वाईट’ या एकाच प्रश्नाने काम भागत नाही.

प्लास्टिकच्या डब्यात आठवडाभर बटाट्याची रस्साभाजी ठेवून पाहावी. डबा पिवळा होतो आणि कितीही घासला तरी तो रंग जात नाही. हळदीतला रंग तेलात विरघळतो आणि तेलाबरोबर प्लास्टिकमध्ये शिरतो. जे आत जाऊ शकते त्याची उलट वाटही असते. प्लास्टिकमधले काही घटक तेलात आणि आंबट रसात उतरतात, आणि उष्णतेने ही देवाणघेवाण वाढते. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये बाळांच्या खाण्यासाठी विकले जाणारे पॉलिप्रॉपिलीनचे डबे तीन मिनिटे मायक्रोवेव्हमध्ये तापवून पाहिले. काही वेळा डब्याच्या दर चौरस सेंटीमीटरमागे ४० लाखांहून अधिक सूक्ष्म आणि २०० कोटींहून अधिक अतिसूक्ष्म प्लास्टिककण बाहेर पडले. फ्रिजमध्ये किंवा बाहेर नुसत्या ठेवलेल्या डब्यांतूनही कण सुटले, पण तापवण्याने त्यांची संख्या सर्वाधिक वाढली.

असे कण पोटात गेल्याने नेमके काय होते, याचे उत्तर अजून पूर्ण मिळालेले नाही. मार्च २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी २५७ रुग्णांची पाहणी मांडली. मानेतल्या रक्तवाहिनीत साठलेला थर शस्त्रक्रियेने काढलेले हे रुग्ण होते. ज्यांच्या थरात प्लास्टिकचे कण सापडले, त्यांच्यात पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका साडेचार पट दिसला. ही आकडेवारी गंभीर आहे. तरीही तिच्यातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, आणि ते कण डब्यातून आले की हवेतून की पाण्यातून, हेही त्यातून कळत नाही. तेव्हा घाबरून घरातले सगळे प्लास्टिक भंगारात देण्याचे कारण नाही. तूरडाळ, पोहे, रवा प्लास्टिकच्या बरणीत ठेवला म्हणून काही बिघडत नाही. ते कोरडे आहे, गार आहे, त्यात तेल नाही. गरम, तेलकट आणि आंबट पदार्थ मात्र प्लास्टिकमध्ये ठेवू नयेत आणि प्लास्टिकमध्ये काहीच तापवू नये. एवढे ठरवायला आजचा पुरावा पुरेसा आहे.

‘बीपीए-मुक्त’ या शिक्क्याने मात्र फसू नये. बिस्फेनॉल-ए हा घटक लागतो तो पॉलिकार्बोनेट या टणक, पारदर्शक प्लास्टिकला. डब्यांचे नेहमीचे प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीन असते आणि त्यात बिस्फेनॉल-ए मुळात नसतेच. त्यावर हा शिक्का मारणे म्हणजे मिठाच्या पुडीवर ‘साखर नाही’ असे छापण्यासारखे आहे.

खरी अडचण विकत घेतलेल्या चांगल्या डब्यांची नाहीच. ती आहे पार्सलबरोबर घरात येणाऱ्या डब्यांची. हॉटेलची ग्रेव्ही ज्या पातळ काळ्या किंवा पांढऱ्या डब्यात येते, तो एकदाच वापरायचा म्हणून बनवलेला असतो. पण घरात चांगली वस्तू फेकण्याची सवय नाही. डबा धुतला जातो, फ्रिजमध्ये जातो, दुसऱ्या दिवशी भाजीसकट मायक्रोवेव्हमध्ये फिरतो, आणि हे चरे पडेपर्यंत चालते. काटकसर चुकीची नाही, फक्त जागा चुकते. या डब्यांत खिळे, बटणे, फार तर कोरडी चिंच ठेवावी.

काचेच्या बाबतीत सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे काच एकच असते. काचेची कहाणी पुण्याजवळचीच आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून आणि लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. एकेका पैशाच्या वर्गणीतून देशी काच तयार व्हावी, हा त्यामागचा हेतू. पुढे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत ओगल्यांचा कारखाना निघाला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घराघरांत पोचला. ज्यांनी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, त्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. तापलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंब पडला, की टचकन तडा जातो.

तो तडा का जातो, यातच डबा निवडण्याचे सगळे शास्त्र आहे. काच उष्णता सावकाश वाहून नेते. एक भाग तापून फुगतो, शेजारचा गार भाग जागच्या जागी राहतो, आणि त्या ओढाताणीत काच फुटते. नेहमीची काच वाळू, सोडा आणि चुनखडी यांची असते. जॅमची बरणी, पाण्याचा पेला, लोणच्याची बाटली या सगळ्या तिच्याच. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेत बोरॉनचे संयुग मिसळले. ही बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश फुगते, म्हणून प्रयोगशाळेतले चंचुपात्र तिचे असते. अमेरिकेत १९१५ पासून तिची स्वयंपाकाची भांडीही विकली जाऊ लागली.

तिसरा प्रकार म्हणजे टफन्ड काच. ही साधीच काच असते, पण तापवून झटकन गार केल्यामुळे तिचा पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो. पडझड ती चांगली सोसते आणि फुटली तर तिचे बहुधा लहान लहान तुकडे होतात. उष्णतेचा धक्का मात्र ती बोरोसिलिकेटइतका सोसत नाही. शिवाय काठाला बसलेला बारीक टवका तिच्या पोटात राहतो आणि केव्हातरी, डबा नुसता ओट्यावर असताना, ‘आपोआप’ फुटल्यासारखा फुटतो. बाजारात हे दोन्ही प्रकार एकाच फळीवर, एकाच झाकणासह मिळतात, आणि नुसते बघून ते ओळखता येत नाहीत.

तेव्हा घेताना डब्यावर ‘बोरोसिलिकेट’ हा शब्द आहे का, ते पाहावे. नुसते ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेले असेल, तर त्यातून काचेचा प्रकार कळत नाही. आणि बोरोसिलिकेट असली, तरी तिलाही मर्यादा आहेत. फ्रिजमधला डबा थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नये, आधी थोडा वेळ बाहेर राहू द्यावा. हा डबा गॅसच्या आचेवर कधीच ठेवू नये. रात्री उशिरा घरी आलेला मुलगा भुकेच्या तंद्रीत नेमके तेच करतो, हे घरात एकदा सांगून ठेवलेले बरे. मायक्रोवेव्हमधून काढलेला डबा ओल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर टेकवू नये, खाली कोरडे फडके घ्यावे. फ्रीजरमध्ये ठेवायचा तर काठापर्यंत भरू नये, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. काठ टवकला की तो डबा अन्नासाठी संपला. काचेचा कण भाजीत दिसत नाही.

या सगळ्या काळजीच्या मोबदल्यात काच जे देते, ते मोलाचे आहे. तिला हळद लागत नाही, लसणीचा वास लागत नाही. सोलकढी, टोमॅटोचे सार, चिंच-गुळाची आमटी यांतल्या आंबटाचा तिच्यावर परिणाम होत नाही. नक्षीदार लीड क्रिस्टल तेवढे यातून वगळायला हवे. त्यात शिसे असते आणि आंबट पदार्थ साठवला तर ते उतरते. ते शोकेसमध्येच शोभते.

मग उरते झाकण. डबा काचेचा घेतला, तरी झाकण पॉलिप्रॉपिलीनचे आणि त्याच्या खोबणीत सिलिकॉनची रिंग, ही रचना बहुतेक डब्यांची असते. म्हणजे पैसे काचेचे मोजून काठोकाठ गरम आमटी भरली आणि झाकण लावले, की अन्नाला पुन्हा तापलेले प्लास्टिक लागतेच. फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने, आन्सेसने, २०२५ मध्ये जाहीर केलेली पाहणी या संदर्भात बोलकी आहे. शीतपेये, बिअर यांच्या काचेच्या बाटल्यांत प्लास्टिकच्या बाटल्यांपेक्षा जास्त सूक्ष्म प्लास्टिककण सापडले. दोष काचेचा नव्हता. धातूच्या बुचांवरचा रंग साठवणुकीत एकमेकांवर घासून निघत होता आणि पेयात पडत होता. झाकण विसरले की असे होते.

उपाय अवघड नाही. बोटभर जागा मोकळी ठेवावी. अन्नाची वाफ जिरल्यावर झाकण लावावे. मायक्रोवेव्हमध्ये झाकण काढून वर चिनी मातीची बशी पालथी घालावी. सिलिकॉनची रिंग आठवड्यातून एकदा सुटी करून धुवावी, कारण तिच्याखाली जो काळपट चिकट थर साठतो तो बुरशीचा असतो, आणि तो पाहिल्यावर पुन्हा आठवण करून द्यावी लागत नाही. चिनी मातीच्या बरणीला दादरा बांधणाऱ्या आजीला हे झाकणाचे शास्त्र पक्के ठाऊक होते. फडके लोणच्याला टेकत नसे, धूळ आत जात नसे, आणि ते धुऊन पुन्हा वापरता येई.

आता सगळ्यात महत्त्वाचे. काचेचा हवाबंद डबा अन्न टिकवतो, ही समजूत प्लास्टिकपेक्षा जास्त धोक्याची आहे. पुण्याच्या घरात रात्रीचा भात उरतो आणि सकाळी त्याचा फोडणीचा भात होतो. मधले आठ-नऊ तास तो कुठे असतो? पुष्कळदा ओट्यावर, झाकून. तांदळात बॅसिलस सेरेअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवण्याने मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलटी घडवणारे त्यांचे विष इतके चिवट असते, की सकाळच्या खमंग फोडणीनेही ते नष्ट होत नाही. जिवाणू मरतात, विष राहते. मग दोष दिला जातो शेंगदाण्यांना, नाहीतर पाण्याला.

भात हवाबंद काचेत घातला म्हणून यातले काहीही टळत नाही. उलट जाड काच उष्णता धरून ठेवते, खोल डब्यात मधला भात तासन्‌तास कोमट राहतो आणि जिवाणूंची सोय होते. शिजलेला भात पसरट डब्यात पातळ थराने ठेवावा, वाफ गेली की फ्रिजमध्ये टाकावा. एरवी दोन तासांच्या आत आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभराच्या आत हे व्हावे. फ्रिजचे तापमान पाच अंशांच्या खाली हवे. रात्री बराच वेळ वीज गेली असेल, तर सकाळी भाताकडे संशयाने पाहावे. प्लास्टिकच्या कणांनी तीस वर्षांनी काय होईल, यावर वाद चालू राहील. ओट्यावरच्या भाताने उद्या दुपारी काय होईल, यावर वाद नाही.

काच सगळीकडे चालते असेही नाही. शाळेच्या दप्तरात ती नको. ती जड आहे, आणि मधल्या सुट्टीतल्या धक्काबुक्कीत फुटणारच. तिथे स्टीलचा डबाच बरा. त्याने या राज्यात तीन पिढ्यांची पोटे भरली आहेत. ऑफिसात मायक्रोवेव्ह असेल तर काच, नसेल तर स्टील. खर्चाचेही आहेच. सगळे डबे बदलायची गरज नाही. उरलेली भाजी, आमटी आणि दही यांच्यासाठी तीन-चार चांगले बोरोसिलिकेट डबे असले, की बहुतेक घरांचे भागते. जॅम-कॉफीच्या रिकाम्या बाटल्या साध्या काचेच्या असल्या तरी चटणी, भाजलेले दाणे, गार झालेले तूप यांना उत्तम. फक्त त्यांत काही गरम ओतू नये.

एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकाच्या हातात नाही. स्टील आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक करणारा आदेश केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८चे वेष्टनांचे नियम आहेत, पण त्यांचा रोख अन्न विकणाऱ्यांवर आहे. रिकामा डबा विकत घेणाऱ्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. काचेच्या डब्यावर काच कोणत्या प्रकारची, किती अंशांचा फरक ती सोसते आणि झाकणाचे प्लास्टिक कोणते, या तीन ओळी ठळक छापणे उत्पादकांना सक्तीचे व्हायला हवे. त्याला नवे यंत्र लागत नाही, शाई लागते. मराठीतही छापावे, कारण तो डबा ज्या हातांनी धुतला आणि तापवला जातो ते हात पुष्कळदा घरकाम करणाऱ्या बाईचे असतात.

डबा कधीतरी फुटणारच. बोरोसिलिकेट काच साध्या काचेपेक्षा जास्त तापमानाला वितळते, त्यामुळे बाटल्यांच्या काचेबरोबर तिचा पुनर्वापर होत नाही. भंगारवाल्याच्या बाटल्यांत ती मिसळू नये. आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नये. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचा महापालिकेशी २००८ मध्ये करार झाला, तेव्हापासून शहरातल्या बहुतेक सोसायट्यांचा कचरा या बाया हाताने वेगळा करतात. पिशवीतला काचेचा तुकडा आधी त्यांच्या बोटांना लागतो. तुकडे जाड वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात घालावेत, खोके चिकटपट्टीने बंद करून वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहावे आणि ते वेगळे हातात द्यावे. कचरा घ्यायला आलेल्या बाईला वाचता येत नसेल, तर तोंडाने सांगावे.